अर्धशिशीचा नाकातला स्प्रे: सुमाट्रिप्टान की झोल्मिट्रिप्टान, आणि कोणी नादी लागायचंच नाही

मे महिन्यात भुसावळहून जळगावला येताना एसटीतच माझं डोकं उठतं, घरी पोचेपर्यंत उलटी ठरलेली, आणि घेतलेली गोळी पाच मिनिटात बेसिनमध्ये. अर्धशिशीत पोट मंदावतं म्हणून गोळी पोटात राहिली तरी उशिरा लागते, आणि नाकातल्या स्प्रेचा खरा फायदा तिथेच आहे. ज्यांना उलट्या होत नाहीत आणि गोळीने भागतंय त्यांनी उगाच महागात जाऊ नये असं माझं मत.

दोन्ही ट्रिप्टानच, म्हणजे अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या औषधांच्या एकाच गटातली. सुमाट्रिप्टान नाकातून बहुतेक २० मिलिग्रॅम देतात आणि अर्ध्या तासाच्या आत फरक वाटायला लागतो, पण त्यातलं बरंचसं घशातून पोटात जातं, त्यामुळे तोंड इतकं कडू होतं की कारल्याचा रस प्यायल्यासारखं, मी लगेच गुळाचा खडा तोंडात टाकते. झोल्मिट्रिप्टान २.५ किंवा ५ मिलिग्रॅमचं, नाकातूनच जरा जास्त शोषलं जातं आणि दहा-पंधरा मिनिटात काम सुरू होऊ शकतं, चव त्याचीही वाईटच. दोन्हीत डोकं परत उठलं तर दुसरा डोस दोन तासांनी, आणि २४ तासात सुमाट्रिप्टान ४० च्या वर नाही, झोल्मिट्रिप्टान १० च्या वर नाही. मला झोल्मिट्रिप्टान बरं वाटलं, पण माझ्या नणंदेला त्याने नाकात जळजळ व्हायची, ती सुमाट्रिप्टानवर खुश आहे, म्हणून एकाचं ऐकून दुसऱ्याने घेऊ नये.

आता खरा मुद्दा, कोणता फास्ट हा नाही. ही औषधं रक्तवाहिन्या आकसवतात. हार्टचा त्रास, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), आधी अटॅक किंवा पॅरालिसिस, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, यातलं काहीही असेल तर दोन्ही बाद. शुगर, तंबाखू, पाळी गेलेली, घरात हार्टचे पेशंट, असं असेल तर पहिला डोस घेण्याआधी डॉक्टर ईसीजी काढायला सांगतील, कुरकुर करू नका. छातीत किंवा मानेत आवळल्यासारखं बऱ्याच जणांना होतं आणि जातं, पण पहिल्यांदाच झालं असेल किंवा थांबत नसेल तर घरी वाट पाहत बसू नका, डॉक्टर गाठा. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढून त्रास होऊ शकतो.

तिसरं नाव नेटवर वाचायला मिळतं ते डायहायड्रोअर्गोटामिन. जुनं औषध, गर्भारपणात अजिबात नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडण्याची भीती. ट्रिप्टान घेतल्यावर २४ तास ते घ्यायचं नाही, उलटही तसंच. चौथं झाव्हेजेपँट, अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं, रक्तवाहिन्या आकसवत नाही म्हणून नवलाचं, पण २४ तासात एकच डोस.

सासूबाई म्हणतात, "नाकमा तूप टाक व माय." टाकते मी, नाक कोरडं पडत नाही हे खरं, पण उठलेली अर्धशिशी त्याने बसत नाही. आणि सर्दीचं नाक मोकळं करायचं ड्रॉप म्हणजे हा स्प्रे नव्हे, मेडिकलवाल्याकडे फक्त "नाकाचा स्प्रे" म्हटलं की तेच हातात मिळतं.

महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टान लागतंय असं झालं की औषधानेच डोकं दुखायला लागू शकतं, मी कॅलेंडरवर फुली मारते, एका महिन्यात नऊ फुल्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी रोजची प्रतिबंधक गोळी सुरू केली.

स्प्रे मारताना मान फार मागे टाकू नका आणि जोरात ओढू नका, घशातच जातं सगळं. एका डोसचा असेल तर टेस्ट म्हणून हवेत दाबू नका, मी पहिला असाच बेसिनवर दाबून पैसे घालवले. बाटली असेल तर पॅकवर पंप आधी किती वेळा दाबायचा ते लिहिलेलं असतं. आणि सुमाट्रिप्टान ३० डिग्रीच्या वर, झोल्मिट्रिप्टान २५ च्या वर ठेवायचं नाही म्हणतात, आपल्याकडे मे मध्ये पारा ४४ ला जातो, गाडीच्या डिक्कीत ठेवलेला स्प्रे मी आता वापरत नाही, पर्समध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली असते, तिच्या शेजारी ठेवते.