रोड रॅश की आयजीआय: आधी नवं रूप कुणाला?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सुट्टीत भावंडं जमली की एकाच कॉम्प्युटरसमोर दोन गट पडायचे: रोड रॅशचे बाईकवाले आणि आयजीआयचे बंदूकवाले. आज त्यातला एकच खेळ नव्याने करायचा झाला तर मी आयजीआय निवडीन.

रोड रॅश 1991 मध्ये सेगा कंपनीच्या गेम मशीनवर आला. आम्ही खेळलो ती नंतरची पीसीवरची आवृत्ती. शेजारच्या स्वाराच्या हातातलं हत्यार हिसकावून त्यालाच हाणायचं, ही मजा आजही ताजी आहे. त्याला नवी चित्रं आणि ऑनलाइन शर्यत पुरे. पण साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी परत आणायची तर हक्कांचे व्यवहार आले, आणि त्या गाण्यांशिवाय तो मला अर्धाच वाटेल.

आयजीआयचं (2000) तसं नाही. नॉर्वेच्या इनरलूप कंपनीने तो लढाऊ विमानांच्या खेळाच्या इंजिनवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर उभा केला, म्हणून तर टेकडीवरून दुर्बिणीने शत्रूचा अख्खा तळ न्याहाळता येतो. कॅमेरे बंद करायचे, तारेवरून घसरत जायचं, सायरन वाजू द्यायचा नाही. कल्पना अजून दणकट आहेत, तोकडं पडलं ते तंत्र. मोहिमेच्या मध्ये सेव्ह नाही. शेवटच्या दारात गोळी लागली की पहिल्यापासून सुरुवात. दादा म्हणतो, सेव्ह दिलं तर धाकधूकच जाईल. पटतं मला. म्हणून एका मोहिमेत दोनच सेव्ह द्यावेत, आणि पहारेकऱ्यांना थोडी अक्कल. सायरन वाजला की बराकीतून एकामागून एक धावत येतात, ते मात्र नको.