चुनखडीची तपासणी: प्रयोगशाळेचे काम चोख, बोअरची नोंद अपुरी

वणी तालुक्यातील आमच्या खाणपट्ट्याची चुनखडी राजूरच्या चुनाभट्ट्यांपुरतीच आहे की सिमेंटलाही चालेल, हे ठरवण्यासाठी आम्ही एका खासगी संस्थेकडून बोअर मारण्यापासून रासायनिक पृथक्करणापर्यंतचे सगळे काम करून घेतले.

पृथक्करणाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये सुमारे ५६ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते आणि भाजल्यावर उरलेले ४४ टक्के वजन वायू होऊन जाते. त्यामुळे अहवालातील हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, आणि येथे ते प्रत्येक नमुन्यात जुळले. राखून ठेवलेल्या अर्ध्या कोअरचे (बोअरमधून निघणाऱ्या दगडाच्या दांड्याचे) काही तुकडे आम्ही नवे क्रमांक देऊन पुन्हा त्यांच्याकडेच दिले, तेव्हाही फरक नगण्य निघाला. मॅग्नेशियाचा (मॅग्नेशियम ऑक्साइडचा) आकडा त्यांनी दगडापुरता न ठेवता क्लिंकरपर्यंत, म्हणजे दळून सिमेंट होण्याआधीच्या भट्टीतल्या गोळ्यांपर्यंत, नेऊन दाखवला, हे मला विशेष आवडले. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते, म्हणून दगडातील ३.५ टक्के मॅग्नेशिया क्लिंकरमध्ये सव्वापाचच्या घरात जातो, आणि सिमेंटमध्ये तो ६ टक्क्यांच्या वर गेलेला भारतीय मानकाला चालत नाही, कारण जादा मॅग्नेशिया सिमेंट घट्ट झाल्यानंतर सावकाश फुगतो आणि तडे पाडतो.

बोअरच्या कामाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. आमच्या दगडातील भेगांत चिकणमाती भरलेली आहे, आणि दोन बोअरमध्ये ती बोअर मारताना सोडलेल्या पाण्याबरोबर वाहून गेली. कोअरच्या पेटीत उरला तो फक्त टणक, स्वच्छ दगड आणि तपासणी झाली ती त्याचीच. सुरुंग लावल्यावर मात्र दगडाबरोबर मातीही येणार, म्हणजे सिलिका आणि अॅल्युमिना अहवालापेक्षा वाढणार. सिमेंटला थोडी माती लागतेच, पण ती किती येणार हे ठाऊक नसेल तर कच्च्या मालाचे मिश्रण बसवता येत नाही, आणि भट्टीच्या चुन्याला तर ती सरळ बाधक आहे. मी विचारणा केल्यावर नोंदवही दाखवण्यात आली. तीत त्या खोलीवर नुसते ‘माती’ असे लिहिले होते, किती लांबीचा कोअर गेला याची नोंद नव्हती.

केवळ पृथक्करण करून घ्यायचे असेल तर ही सेवा मी निःशंक सुचवेन. बोअरचे काम देणार असाल तर प्रत्येक फेरीत हाती आलेल्या कोअरची टक्केवारी लिहून देण्याची अट करारातच घाला. आम्हाला साठ्याचा अंदाज मांडण्यापूर्वी ते दोन बोअर दुहेरी नळीच्या बॅरलने (ज्यात आतली नळी कोअरला पाण्यापासून जपते) पुन्हा मारून घ्यावे लागणार आहेत.