रिमोट कन्सोलची स्क्रीन विस्कटते तेव्हा: चित्र दुरुस्त करावं, बाहेरचा केव्हीएम जोडावा की सिरियलवर जावं?

सर्व्हर चालू होताना फर्मवेअरचा लोगो नीट दिसतो, ग्रबचा, म्हणजे बूटलोडरचा, मेनूही दिसतो. मग कर्नल सुरू होतो आणि रिमोट कन्सोलवर तिरक्या रेषा, हिरवे-गुलाबी पट्टे किंवा नुसता काळोख. मशीन जिवंत असतं, पिंगला उत्तर देतं, कधी कधी एसएसएचही लागतं. दिसत मात्र काही नाही. ज्यांनी हे पाहिलंय त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे बीएमसी, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळू देणारी बोर्डावरची वेगळी चिप, तिला आयपी कसा द्यायचा वगैरे सोडून देतो.

यावर तीन मार्ग आहेत. बीएमसीचंच चित्र ताळ्यावर आणायचं, पायकेव्हीएमसारखा बाहेरचा केव्हीएम डबा (स्क्रीन, कीबोर्ड, माउस नेटवर्कवरून देणारा) जोडायचा, किंवा चित्राचा नाद सोडून सिरियल कन्सोल, म्हणजे सिरियल पोर्टवरचा नुसता मजकूर, वापरायचा. मी तिन्ही वापरलेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. इतर दोघांची बाजूही जमेल तेवढी नीट मांडतो.

आहे तेच चित्र सुधारणं

बहुतेक सर्व्हर बोर्डांवर बीएमसीच्या चिपमध्येच एक साधा व्हीजीए असतो, आणि तीच चिप त्याचं चित्र टिपून, दाबून नेटवर्कवर पाठवते. म्हणजे संशयित दोन: मुळात तयार होणारं चित्र, किंवा ते टिपून पाठवणारा भाग. निवाडा सोपा आहे. मशीनजवळ कोणी असेल तर व्हीजीए पोर्टला मॉनिटर लावायला सांगा. मॉनिटरवर नीट दिसतंय आणि ब्राउझरमध्ये नाही, तर दोष टिपणाऱ्या भागाचा. अशा वेळी बीएमसी कोल्ड रीसेट करून पाहावी. साधारणपणे यात सर्व्हर बंद पडत नाही, बीएमसी परत येईपर्यंत पंखे जोरात फिरू शकतात इतकंच. हलणाऱ्या मजकुराच्या मागे जुने चौकोन तसेच चिकटून राहत असतील तर तेही इथलंच लक्षण. चित्राचा बदललेला तुकडाच पाठवायची युक्ती वापरलेली असते आणि एखादा तुकडा मध्येच राहून जातो.

मॉनिटरवरही कचराच दिसत असेल तर दोष ड्रायव्हर आणि मोडचा, म्हणजे रिझोल्यूशन-रंगांच्या मांडणीचा. ओळी तिरक्या होऊन चित्र घसरल्यासारखं दिसतं तेव्हा एका ओळीची लांबी ड्रायव्हर एक समजतो आणि चिप दुसरीच. आकार बरोबर पण रंग भलतेच असतील तर रंगखोलीची गफलत. 'रेंजबाहेर' किंवा 'सिग्नल नाही' आलं तर निवडलेलं रिझोल्यूशन पुढच्याला झेपत नाही. हे सगळं नेमकं कर्नल सुरू झाल्यावर का होतं, तर तोवर फर्मवेअरने लावलेला मोड चालू असतो आणि त्या क्षणी कर्नलचा ड्रायव्हर तो बदलतो. ॲस्पीड चिपसाठीचा एएसटी आणि मॅट्रॉक्स जी२०० साठीचा एमजीएजी२००, हे दोन्ही ड्रायव्हर २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आले. मॉनिटर लावलेलाच नसेल किंवा मधला केव्हीएम स्विच मॉनिटरची माहिती, म्हणजे ईडीआयडी, पुढे देत नसेल, तर ड्रायव्हरला अंदाजाने मोड निवडावा लागतो.

सगळे सांगतात तो उपाय म्हणजे कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' घालणं. ड्रायव्हर मोड बदलतच नाही, फर्मवेअरने लावलेलं चित्र तसंच राहतं. पण त्याच मशीनमध्ये गणनेसाठी एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नोमोडसेटमुळे एएमडीजीपीयू ड्रायव्हरही लोड होत नाही, आणि मग चित्र आलं पण काम गेलं अशी गत. त्यापेक्षा बीएमसीच्या व्हीजीएचा तेवढा एक ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करावा, म्हणजे लोडच होऊ देऊ नये, किंवा 'व्हिडिओ=' देऊन १०२४×७६८ ठोकून द्यावं. ग्रबमध्ये 'जीएफएक्सपेलोड' (कर्नलला स्क्रीन कोणत्या मोडमध्ये द्यायची ते) 'टेक्स्ट' ठेवण्याचा सल्लाही फिरत असतो. तो जुन्या बायोस बूटपुरता. यूईएफआयमध्ये व्हीजीएचा टेक्स्ट मोडच नाही, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही.

स्क्रीन पूर्ण काळी असेल आणि मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर आधी फर्मवेअरमध्ये मुख्य डिस्प्ले कोणता आहे ते बघा. बीएमसीला फक्त स्वतःचा व्हीजीए दिसतो. मुख्य मान कार्डाला दिला असेल तर बिचारी बीएमसी काय दाखवणार?

दोन-तीनच मशीन सांभाळायची असतील तर एवढ्यावर काम भागतं. चित्र एकदा लागलं की सहसा लागतं. जुन्या मशीनवर जावाचा कन्सोल असेल तर त्याची वेगळी कटकट आहे, कारण जावा ११ मधून, म्हणजे २०१८ पासून, वेब स्टार्ट काढून टाकलंय. एचटीएमएल५ कन्सोलवाला फर्मवेअर मिळत असेल तर आधी तो टाकावा.

बाहेरचा डबा

यावर थोडक्यात. बीएमसी नसलेल्या बोर्डासाठी पायकेव्हीएम उत्तमच आहे. ईडीआयडी आपल्या हातात राहतो, एच.२६४ मुळे चित्र सुरेख येतं, बीएमसी झोपली तरी याला फरक पडत नाही. पण सर्व्हरला बहुधा व्हीजीए पोर्ट असतो आणि या डब्याला हवं एचडीएमआय. मग मध्ये कन्व्हर्टर आला, म्हणजे विस्कटलेल्या चित्राच्या प्रकरणात आणखी एक संशयित वाढला. व्हीजीएचा जुना टेक्स्ट मोड ७२०×४०० आणि ७० हर्ट्झ असा विचित्र असतो, तो स्वस्तातल्या कॅप्चर स्टिकना अनेकदा पचत नाही. पायकेव्हीएमच्या तिसऱ्या आवृत्तीतली चिपसुद्धा १९२०×१०८० ला ५० हर्ट्झपर्यंतच घेते. शिवाय प्रत्येक मशीनमागे एक डबा, त्याचा वीजपुरवठा, त्याची नेटवर्क वायर. एखाद्या मशीनसाठी ठीक, रॅकभर लावायला मला तरी हे पटलं नाही.

सिरियल, आणि मला खरा वैताग कशाचा आला

माझा निर्णय झाला तो गुलाबी पट्ट्यांमुळे नाही. पट्टे वरच्या उपायांनी गेले होते.

एक मशीन बूट होताना अधूनमधून पॅनिक व्हायचं, म्हणजे कर्नल घातक चुकीने थांबायचा. चित्र आता स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ चित्रात दिसत होता कॉल ट्रेसचा, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीचा, शेपटीकडचा भाग. पॅनिकचं कारण सांगणारी ओळ वर निघून गेलेली. वर जायची सोय नाही: कर्नलने २०२० मध्ये, ५.९ पासून, कन्सोलचा सॉफ्टवेअर स्क्रोलबॅक काढून टाकला, आणि तो असता तरी पॅनिक झालेलं मशीन कीबोर्डला दाद देतंच असं नाही. मग स्क्रीनशॉट घ्यायचा. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, त्यातून मजकूर उचलता येत नाही, शोधता येत नाही. हेक्स पत्ते डोळे ताणून हाताने टाइप करायचे, आणि बीएमसीने दाबलेल्या चित्रात ८ की बी, ० की डी हे ओळखत बसायचं. टाइप करून झाल्यावर एक अक्षर चुकलंय हे कळतं, आणि तोवर कोणीतरी मशीन रीसेट केलेलं असतं. रीसेट झालं की पुरावा गेला.

याच मशीनवर सिरियल कन्सोल चालू करून त्याचा लॉग फाइलमध्ये पडत ठेवला. पुढच्या वेळी पॅनिक झाला तेव्हा फाइलमध्ये सगळं होतं. पॅनिकच्या बरंच आधी डिस्क कंट्रोलरचे टाइमआउट सुरू झाले होते, आणि स्क्रीनवर ते टिकण्याची शक्यताच नव्हती. त्या दिवसापासून चित्र सुधारण्यात वेळ घालवणं मला नको वाटतं. कदाचित हा माझ्या कामाचा गुण असेल. माझ्याकडची जवळपास सगळी मशीन लिनक्सची आहेत आणि मी तिथे जातो ते काहीतरी बिघडल्यावरच.

यंत्रणा जुनीच आहे. बीएमसीशी बोलायचं प्रमाण म्हणजे आयपीएमआय. त्याच्या २.० मध्ये, म्हणजे २००४ पासून, सिरियल ओव्हर लॅन, म्हणजेच सोल, आहे. फर्मवेअर आणि कर्नल सिरियल पोर्टवर लिहितात आणि बीएमसी ते यूडीपी ६२३ वरून आपल्याकडे पोचवते. फर्मवेअरमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू करायचं, वेग ११५२००. कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=' दोनदा द्यायचं: आधी टीटीवाय० (स्क्रीन) आणि मग सिरियल पोर्ट, याच क्रमाने, कारण शेवटी लिहिलेला मुख्य कन्सोल ठरतो आणि आणीबाणीचा शेलही तिथेच उघडतो. सिस्टमडी त्यावर लॉगिन प्रॉम्प्ट आपणहून लावते. ग्रबला दोन्हीकडे लिहायला सांगायचं. सोलसाठी पोर्ट टीटीवायएस० की टीटीवायएस१ हे बोर्डावर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात बहुतेकदा टीटीवायएस१, पण करून बघावं. मग आयपीएमआयटूलने लॅनप्लस इंटरफेसवर सोल चालू करायचं. ओपनबीएमसी (मुक्त स्रोत बीएमसी फर्मवेअर) असेल तर आयपीएमआयचीही गरज नाही, बीएमसीच्या २२०० पोर्टवर एसएसएच केलं की थेट सिरियल कन्सोल मिळतो.

आता याच्या खोड्या. कचरा सिरियलवरही दिसतो! फर्मवेअर ११५२०० वर, कर्नल ९६०० वर अशी तफावत असली की अगम्य अक्षरांचा पाऊस पडतो. पण हा कचरा आकडा जुळवला की जातो. व्हिडिओच्या कचऱ्यासारखी संशयितांची रांग लावावी लागत नाही. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये फंक्शन की नीट पोचत नाहीत. पुष्कळ बोर्डांवर एस्केप दाबून मग आकडा असं चालतं, एफ२ साठी २ आणि एफ१० साठी ०. टर्मिनल ८०×२४ चं धरलं जातं, त्यामुळे लांब कमांड स्वतःवरच गुंडाळली जाते. आत गेल्यावर एसटीटीवाय कमांडने ओळी आणि रकाने सांगावे लागतात. सत्र एकच असतं. सहकारी आधीच जोडून बसला असेल तर 'सत्र आधीच चालू आहे' असं ऐकून त्याचं सत्र तोडावं लागतं, आणि मग त्याचा फोन येतो.

आणि टिल्ड-टिंब. सोलमधून बाहेर पडायला हेच आहे, पण एसएसएचनेही नेमकं हेच ठेवलंय. जंप होस्टवरून (आधी एसएसएचने जातो त्या मधल्या मशीनवरून) आयपीएमआयटूल चालवत असाल तर टिल्ड-टिंब दाबल्यावर एसएसएचच तुटतं आणि सोलचं सत्र तिकडे लोंबकळत राहतं. टिल्ड दोनदा दाबून मग टिंब द्यायचं. बोटांना याची सवय लागायला वेळ लागतो.

वेगाचंही बघावं लागतं. ११५२०० म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं. कर्नलने संदेशांचा पूर सोडला तर तो सिरियलपाशी तुंबतो आणि मशीनच सुस्त होतं. म्हणून लॉगलेव्हल आटोक्यात ठेवावा. फ्लो कंट्रोल मी बंदच ठेवतो. पलीकडे कोणी ऐकत नसताना बूट अडकून राहण्यापेक्षा दोन अक्षरं गळलेली परवडली.

सुरक्षेच्या बाबतीत आयपीएमआय २.० फारसं भरवशाचं नाही. लॉगिन पूर्ण होण्याआधीच ते पासवर्डपासून बनवलेला हॅश समोरच्याच्या हाती देतं. बीएमसीचं नेटवर्क वेगळंच हवं. चित्राचा कन्सोल वापरला तरी बीएमसी उघड्यावर ठेवू नये, त्यामुळे या मुद्द्यावर मी कोणाला गुण देत नाही.

मग कोणी काय घ्यावं

विंडोज सर्व्हर असेल तर चित्रालाच पर्याय नाही. तिथे सिरियलवर एसएसी ही विंडोजची मजकुरी कन्सोलची सोय आहे, पण त्यात होणारी कामं मोजकी. ग्राफिकल इन्स्टॉलर, माउसशिवाय न चालणारा फर्मवेअर सेटअप, आयएसओ जोडून बूट करणं, यासाठीही चित्र जवळ असलेलं बरं. बीएमसीच नसेल तर बाहेरचा डबा घ्या, फार विचार करू नका.

लिनक्सची मशीन असतील आणि ती बिघडली की तुम्हालाच उठावं लागत असेल, तर माझ्या मते आधी सिरियल लावून घ्यावं आणि चित्रावर सवडीने बघावं. माझ्याकडे आता व्हीजीएचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट आहे आणि चित्र फर्मवेअरपुरतं वापरतो. सिरियलचा लॉग मात्र चोवीस तास एका वेगळ्या होस्टवर पडत असतो. नवीन मशीन आलं की सोलवरून टिल्ड आणि मोठा बी दाबून ब्रेक पाठवायचा, मग 'एच' ही की दाबायची. सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) मदतीची ओळ फाइलमध्ये उमटली की ते मशीन कामाला लावायचं. ओळ नाही आली तर आधी सिसआरक्यू चालू आहे का ते बघा, मग पोर्टचा आकडा.