बुद्धगया यात्रेच्या नावाखाली ३,१०,११४ रुपयांचा गंडा: सोलापूरकरांनो, वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा

आधी आकडा सांगते. ३ लाख १० हजार ११४ रुपये, चौदा माणसांचे. त्यातले ४४,३०२ माझे आणि आईचे. बाकीचे बारा जणांचे, आणि त्यांनी ते माझ्या तोंडाकडे बघून दिले. यात्रेच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या त्या माणसाला तर त्यातल्या निम्म्यांनी नीट पाहिलेलंही नव्हतं. लाज वाटतेच, पण गप्प बसले तर पुढच्या पौर्णिमेला तो दुसऱ्या विहारात जाऊन बसेल. नाव लिहीत नाही. वकील म्हणतात, गुन्हा दाखल होण्याआधी नाव छापलंत तर तोच तुमच्यावर बदनामीचा दावा लावेल. म्हणजे अब्रू त्याला आहे, आम्हाला नाही.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, तिथे हा आला. पांढरे कपडे, गळ्यात पंचशीलाचा पट्टा, वागणं नम्र. त्रिशरण-पंचशील आमच्यापेक्षा शुद्ध म्हणायचा. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी शिष्य आनंदाला सांगितलेली चार स्थळं त्याने अशी काही समजावून सांगितली की सगळा विहार चिडीचूप. जन्माची लुंबिनी, संबोधीची बुद्धगया, पहिल्या उपदेशाचं सारनाथ, महापरिनिर्वाणाचं कुशीनगर. श्रद्धावंताने आयुष्यात एकदा तरी पाहावीत. यातला शब्दही खोटा नाही हो, तेच तर दुखणं आहे. आईने तिथल्या तिथे नाव लिहून दिलं. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिने, सोलापूरच्या बाहेर गेली ती नागपूरला दीक्षाभूमीवर आणि दादरला चैत्यभूमीवर, बस्स.

माणशी २३,५०० रुपये, अकरा दिवस. चार स्थळांना जोडून श्रावस्ती, राजगीर, नालंदा, वैशाली, संकिसा. छापील पत्रकात एका दिवसापुढे लिहिलं होतं, ‘सकाळी राजगीर, सायंकाळी लुंबिनी’. राजगीर पाटण्याच्या खाली, लुंबिनी सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात. बसने एका दिवसात कोण पोचवणार? पण नकाशा उघडून कोण बसतं? तुम्ही बसा. कुठल्याही यात्रेचं पत्रक हातात आलं की आधी अंतरं बघा.

वर सरकारी आमिष. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी माणशी ३०,००० रुपयांपर्यंत खर्च सरकार करतं, हे वस्तीत सगळ्यांच्या कानावर होतं. हा म्हणाला, आता भरा, परत आल्यावर बिलं लावू, ज्येष्ठांचे पैसे थेट खात्यात येतील. साफ खोटं. त्या योजनेत आधी अर्ज करायचा, निवड सरकार करतं, कोणी न्यायचं तेही सरकारच ठरवतं. खाजगी यात्रेचं बिल लावून पैसे परत मिळण्याची सोयच नाही. पण बातमीतलं अर्धं खरं आणि त्याच्या तोंडचं अर्धं खोटं असं बेमालूम मिसळलं होतं की पाणी कुठं मुरतंय ते कळेना.

हिशेब असा. पहिला हप्ता ११,०००, रोख. दुसरा ९,०००, यूपीआयवर. उरलेले ३,५०० गाडीत बसल्यावर. मधेच चीवरदान (भिक्खूंना वस्त्र) आणि संघदान म्हणून ५०१. आणि मग ‘नेपाळ व्हिसा व परमिट’, माणशी १,६५०.

इथे थांबते, कारण रात्री जाग येते ती इथेच.

व्हिसाचा मेसेज आला तेव्हा माझा भाचा घरी होता. तो म्हणाला, “मावशी, नेपाळला कसला व्हिसा? आपले ट्रकवाले रोज जातात-येतात.” मी त्याला म्हणाले, “तुला लई कळतंय, गप बस.” अगदी ह्याच शब्दांत. तरी त्याच्यासमोरच मी त्या माणसाला फोन लावला. तो एवढासाही अडखळला नाही. म्हणाला, “ताई, एकटं-दुकटं जाणाऱ्याला लागत नाही, बरोबर आहे त्याचं. ग्रुपला लागतो. नवा नियम आहे.” मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती माझी मुद्रा आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारापासून जाणं-येणं मोकळं आहे, माणूस एक असो की चाळीस. गाडी पलीकडे न्यायची तर गाडीचं शुल्क भरावं लागतं, ते गाडीवाल्याचं काम. आणि व्हिसासाठी म्हणून त्याने सगळ्यांकडून घेतलं काय, तर आधारकार्डाची झेरॉक्स! १५ ते ६५ वयातल्यांना नेपाळच्या सीमेवर प्रवासाचा कागद म्हणून आधार चालतच नाही. मतदार ओळखपत्र नाहीतर पासपोर्ट लागतो, १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना तेवढी आधारसकट दुसऱ्या काही ओळखपत्रांची सवलत आहे. म्हणजे एकाच मेसेजमध्ये दोन थापा, आणि मी कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासणारी बाई, मी त्यावर चौदा जणांचे २३,१०० रुपये पाठवून मोकळी झाले. त्या झेरॉक्स अजून त्याच्याकडेच आहेत. त्यांचं तो काय करेल या धास्तीने आता सगळ्यांची आधारची बायोमेट्रिक लॉक करून घेतली आहेत. तुम्हीही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख.

“मग तिकीट बघितलं नाहीस का?” हे मला नणंदेपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी विचारलं. बघितलं होतं! एका पीएनआरवर सहाच माणसं बसतात, म्हणून सहा, सहा आणि दोन अशी तीन तिकिटं, पुण्याहून दानापूर गाडीची, स्लीपरची. प्रवासाच्या ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने फोटो पाठवले. मी तिन्ही पीएनआर रेल्वेच्या १३९ नंबरावर तपासले. चौदाच्या चौदा कन्फर्म, डबा आणि बर्थ नंबरासकट. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवले होते, तिला खालचा बर्थ मिळाला म्हणून. आता याच्यापुढे सामान्य माणसाने काय तपासायचं?

तपासायचं होतं ते हे. तिकीट त्याच्या खात्यावरून काढलेलं, मोबाईल नंबर त्याचा. दुसरा हप्ता पोचल्यावर त्याने तिन्ही तिकिटं रद्द केली. स्लीपरला माणशी १२० रुपये कापून बाकीचे पैसे त्याला परत, रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच. आमच्याकडे राहिले फोटो. तिकीट स्वतःच्या मोबाईल नंबरावर काढून घ्या, आणि पीएनआर निघायच्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहा.

जमायचं होतं पार्क चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, पहाटे. तिथे वंदना घेऊन मिनीबसने पुण्याला. वंदना झाली. बस आली नाही. फोन बंद. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पिशव्यांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, एकीने तर बुद्धगयेच्या महाबोधी विहारात वाहायला चीवर इस्त्री करून आणलेलं. येणारे-जाणारे विचारायला लागले, “मोर्चा आहे का?” कोणीतरी हो म्हणून टाकलं. भाच्याला फोन करून पीएनआर बघायला सांगितले तेव्हा ‘कॅन्सल्ड’ हा शब्द मी चौदा वेळा ऐकला, कारण तो एकेक नाव वाचत होता आणि मला त्याला थांबवताही येईना.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यात पहिलं वाक्य, “काय करालाव ताई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही.” दुसरं, “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” मी पावत्या पुढे केल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि हसले. पावतीवर वर धम्मचक्र, खाली नाव, रक्कम ११,०००, आणि ‘कशासाठी’ या रकान्यात निळ्या शाईत ‘धम्मदान’. चौदाही पावत्यांवर तेच. “दान दिलंय तुम्ही. दान कुणी परत मागतं का?” पावती घेताना मला तो शब्द चांगला वाटला होता, काय सांगू. यात्रेच्या पैशाची पावती यात्रेचीच हवी. दान, देणगी, सहयोग असलं काही लिहिलेलं असेल तर तिथेच परत करा.

यूपीआयचे पैसे दाखवले तर म्हणे हे सायबरकडे. सायबरकडे गेलो तर म्हणे, “माणूस समोरासमोर बघितलाय ना? मग हे सायबर नाही, ठाण्यात जा.” परत ठाण्यात गेलो तर मघाचे साहेब बंदोबस्तावर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे बँक रक्कम अडवू शकते. आमच्या पैशांना पाय फुटून आठवडे झाले होते. एका साहेबांनी विचारलं, एकूण किती? तीन लाख म्हटल्यावर म्हणाले, आर्थिक गुन्हे शाखेला एवढी छोटी रक्कम घेत नाहीत. छोटी! एका बाईने भिशी मोडली, एकीने डोरलं गहाण टाकलं, ही छोटी रक्कम. एक जण तर वर सल्ला देतो, “देव-धर्म घरात करावा.” साहेब, आमच्यात देव नाही, पण ते सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हते. तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारला, पाठवलं घरी. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला नंतर कळलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं आहे, त्याखाली एफआयआर मागा. नाही म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हे आम्हाला खाकीतल्या एकानेही सांगितलं नाही. सांगितलं ते भाच्याच्या मित्राने, जो अजून एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

समाजकल्याणच्या कार्यालयात गेले, निदान योजनेच्या नावाने फसवतात याचा एक फलक तरी लावा म्हणून. “तुमचा योजनेत अर्ज आहे का? नाही ना? मग तुमचा आमचा संबंध काय?” संपलं.

सगळ्यात जास्त झोंबलं ते आपल्या माणसांचं. विहाराच्या फळ्यावर चार ओळी लिहू द्या म्हटलं, तर समितीतले दोघे म्हणाले, नको, समाजाची बदनामी होते, बाहेरचे हसतील. त्याला माईक कोणी दिला होता? समितीनेच ना? तेव्हा चौकशी केली नाही, आता बदनामी दिसते. आमच्या भंतेजींचा यात काही दोष नाही, ते बिचारे त्याच्याबरोबर फोटोत आले एवढंच. पण तोच फोटो तो पुढच्या गावात दाखवणार. भंतेंबरोबरचा फोटो हा पुरावा नसतो. बोधिवृक्षाखालून पाठवलेला मोबाईलवरचा ‘लाईव्ह’ व्हिडिओ तर नाहीच. २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर महाबोधी विहाराच्या आवारात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. त्याने आम्हाला असा व्हिडिओ पाठवला होता आणि आम्ही सगळ्यांनी खाली हात जोडलेलं चिन्ह टाकलं होतं.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावायचीही सक्ती नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पावतीवर धम्मदान असलं तरी व्हॉट्सॲपवर पत्रक, दर, हप्त्यांच्या तारखा, व्हिसाची मागणी, सगळं त्याच्याच हातचं आहे. संतापाच्या भरात चॅट डिलीट करू नका. आमच्यातल्या दोघींनी केलं, आता त्यांचे पैसे सिद्ध करायला माझा फोन पुढे करावा लागतोय.

बारा जणांपैकी कोणी मला तोंडावर काही बोललं नाही. दोघीजणी बोलायच्याच बंद झाल्या. त्यांचे पैसे मी हप्त्याने देते म्हटलं तर एकीने घेतले, दुसरीने दार लावलं. कायद्याने मी देणं लागत नाही, वकिलांनी स्पष्ट सांगितलंय. आई रोज विचारते, तो खालचा बर्थ खरंच आपल्या नावाचा होता का. होता, काही दिवस होता.

बार्शी आणि धाराशिवकडे कोणीतरी बुद्धगयेसाठी माणशी ५,००० टोकन घेतोय असं कानावर आलंय. तो हाच, असं मी म्हणत नाही. पांढऱ्या कपड्यात सगळेच सारखे दिसतात. पण तिकडे कोणी ओळखीचं असेल तर एवढं विचारून बघा म्हणावं: नेपाळच्या व्हिसाचे किती लावलेत?