ओपेथ: ‘इन कौडा व्हेनेनम’ आधी ऐकावा, की थेट ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’?

2024 च्या ऑगस्टमध्ये ओपेथ या स्वीडिश मेटल बँडने ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ या नव्या अल्बममधलं पहिलं गाणं बाहेर काढलं, तेव्हा बहुतेकांनी एकच गोष्ट उचलून धरली: बँडचा गायक आणि म्होरक्या मिकाएल ओकरफेल्ट पुन्हा ग्रोल करतोय, म्हणजे मेटलमधला तो घशातून काढलेला गुरगुरता आवाज. ‘वॉटरशेड’ (2008) नंतरचे चार अल्बम त्याने सरळ, गात्या आवाजात केले होते. त्यामुळे सोळा वर्षांनी स्टुडिओतून तो गुरगुराट ऐकू आल्यावर ‘जुना ओपेथ परत आला’ असं म्हणून टाकायला कोणी फार वेळ घेतला नाही.

आता ज्यांच्या मनात प्रश्न आहे की या बँडचा अलीकडचा एकच अल्बम नीट बसून ऐकायचा किंवा विकत घ्यायचा तर कुठला, 2019 चा ‘इन कौडा व्हेनेनम’ की 2024 चा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, त्यांना माझं पहिलं सांगणं हे की ग्रोलवरून ठरवू नका. ग्रोल आहे म्हणून नवा घ्याल आणि ‘ब्लॅकवॉटर पार्क’सारख्या (2001) जुन्या, जड अल्बमची वाट बघत बसाल. ग्रोल नाही म्हणून 2019 चा घ्याल आणि ‘हे मेटल आहे कुठे?’ असं विचाराल. दोन्ही अल्बममधला खरा फरक दाटपणाचा आहे. एक ऐसपैस पसरलेला, दुसरा आटवून घट्ट केलेला. तुमचा कान यातलं काय सोसतो, त्यावर सगळं आहे.

‘इन कौडा व्हेनेनम’मध्ये दहा गाणी, साधारण 68 मिनिटं. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये आठ गाणी, जेमतेम 51 मिनिटं. निर्मिती दोन्हीकडे ओकरफेल्ट आणि स्टेफान बूमान यांचीच, तेव्हा फरकाचं श्रेय नव्या निर्मात्याला देता येत नाही. जागा बदलली: पहिला स्टॉकहोमच्या पार्क स्टुडिओत झाला, दुसऱ्यासाठी बँड वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत गेला, जिथे त्यांचे आधीचे ‘पेल कम्यूनियन’ आणि ‘सॉर्सरेस’ हे अल्बमही रेकॉर्ड झाले होते. माणूस मात्र एकच बदलला, ड्रमर. त्याच्याकडे येतोच.

आधी आवाजाचा विषय संपवू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. ओकरफेल्टचा ग्रोल कधी ‘गेला’ नव्हता. 2011 च्या ‘हेरिटेज’पासून स्टुडिओत त्याने तो बंद केला, पण मंचावर जुनी गाणी निघाली की ग्रोलही निघायचा. उलट बाजूने पाहिलं तर नुसता गाता आवाजही 2011 चा शोध नाही. 2003 चा ‘डॅम्नेशन’ पूर्ण ग्रोलविना आहे, आणि तो ‘डिलिव्हरन्स’सारख्या जबर जड अल्बमचा जुळा भाऊ आहे. म्हणजे दोन्ही आवाज या माणसाच्या गळ्यात कायमच होते. प्रश्न असतो तो कुठला आवाज कशासाठी वापरला याचा.

जुन्या ओपेथमध्ये याचं उत्तर सोपं होतं. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जड झाली की ग्रोल, अकूस्टिक गिटार आली की गाता आवाज. वातावरण बदललं की आवाज बदलायचा. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधलं जवळजवळ कुठलंही मोठं गाणं घ्या, हेच दिसेल. नव्या अल्बममध्ये हा नियमच मोडलाय. तिथे आवाज बदलतो तो बोलणारा बदलतो म्हणून.

कथा अशी. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत, कर्मठ कुटुंबप्रमुख मेलाय आणि वाड्यात त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. समोर त्याची जुळी मुलं बसली आहेत, आणि सोबत एक मुलगी, पोलिओ झालेली, त्या घरात वाढलेली. ती तिथे का, हा जुळ्यांना पडलेला प्रश्न. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, §1 ते §7 अशी मृत्युपत्राची कलमं आहेत. ग्रोल येतो तो या मेलेल्या बापाचा आवाज म्हणून. तो हुकूम सोडतो, हिशेब चुकते करतो, लपवलेलं उघड करतो. म्हणून शांत जागीसुद्धा ग्रोल येऊ शकतो आणि धडाकेबाज जागी गाता आवाज. आठवं गाणं, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’, मृत्युपत्राबाहेरचं आहे, म्हणून त्याला क्रमांक नाही, नाव आहे. त्यात ग्रोल नाही, कारण बापाचं बोलून झालंय. त्या गाण्यात कथा जी उलटते ती इथे सांगत नाही. गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐका, एवढंच.

हे कळल्यावर ‘परत आला’ हा शब्द मला तरी फार तोकडा वाटतो. हा ग्रोल जुन्यापेक्षा स्वच्छ आहे, शब्द अन् शब्द कळतो. 2001 च्या ग्रोलमध्ये धुकं होतं. इथे एक खडूस म्हातारा कागद वाचून दाखवतोय.

आता संगीत. ‘इन कौडा व्हेनेनम’ची सुरुवात कीबोर्डच्या एका लांबट, गूढ तुकड्याने होते आणि मग ‘डिग्निटी’ धाडकन आत येतं. पण त्या धडाक्यावरून अल्बमचा अंदाज बांधू नका. त्याचा जीव खरा संथ जागांमध्ये आहे. ‘लव्हलॉर्न क्राइम’ ही पियानोवर उभी असलेली विराणी, शेवटी गिटारचा सोलो असा काही पसरत जातो की गाणं संपू नये असं वाटतं. ‘द गॅरोटर’ तर मेटलच्या अंगणातच येत नाही: आधी शास्त्रीय गिटार, मग जाझच्या अंगाने चालणारा, जरासा विषारी पियानो. जड वजनाचं हवं तर ‘हार्ट इन हँड’ आणि ‘चार्लटन’ आहेत. मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड वाद्य, सगळीकडे. सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकचं, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड ओकरफेल्टने कधी लपवलं नाही, आणि इथे ते सगळ्यात श्रीमंत रूपात दिसतं. माझ्या मते ‘हेरिटेज’पासून सुरू झालेल्या त्या वळणाचं हे सगळ्यात उत्तम काम आहे. ‘सॉर्सरेस’ त्याच्यापुढे अर्धवट वाटतो.

दोष आहेत. 68 मिनिटं म्हणजे खूपच झाली. एक कल्पना संपते, क्षणभर शांतता, मग दुसरीच सुरू होते, आणि त्या दोघींचं नातं काय ते कळत नाही. उत्तरार्धात ‘युनिव्हर्सल ट्रूथ’पाशी लक्ष हमखास भटकतं. ते ‘ऑल थिंग्ज विल पास’पाशी परत जाग्यावर येतं, पण मधली वीसेक मिनिटं चिकाटी मागतात.

नव्या अल्बममध्ये ही तक्रार करायला जागाच नाही, कारण तिथे श्वास घ्यायला जागा नाही. §1 बास आणि ड्रमवर चालू होतं, आधी गाता आवाज येतो, थोड्या वेळाने ग्रोल, मग तंतुवाद्यं, मग पियानो, आणि पाच-सहा मिनिटांत एवढं घडून गेलेलं असतं की जुन्या ओपेथने तेवढ्यात रेकॉर्डची अर्धी बाजू भरली असती. कुठलीही रिफ चार वेळा वाजून अंगात भिनत नाही. दोनदा वाजते आणि निघून जाते. §4 मध्ये मधोमध बासरी येते. ती जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या, बासरीसाठीच ओळखल्या जाणाऱ्या इयन अँडरसनची, दुसरं कोण असणार! त्याने काही ठिकाणी निवेदनही केलंय, आणि मृत्युपत्र वाचणारा माणूस म्हणून त्याचा तो कोरडा, जुन्या धाटणीचा इंग्रजी उच्चार चपखल बसतो. §2 मध्ये युरोप या रॉक बँडचा गायक जोई टेम्पेस्ट आहे. नाव वाचून मी आधी हसलो होतो, पण ऐकताना तो पाहुणा वाटत नाही. तंतुवाद्यांची रचना डेव्ह स्टुअर्टची. §5 मध्ये ती पूर्वेकडचा रंग घेऊन येतात, आणि त्या रंगावर अचानक ग्रोल पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. एकच जागा निवडायला सांगितली तर मी ती निवडेन.

आणि आता ड्रमर. ‘वॉटरशेड’पासून ‘इन कौडा व्हेनेनम’पर्यंतच्या सगळ्या अल्बमवर मार्टिन अक्सेनरोट आहे. मूळचा डेथ मेटलचा, म्हणजे मेटलच्या अतिशय जड, ग्रोलवाल्या प्रकारातला माणूस, पण 2019 मध्ये त्याचे ड्रम जुन्या रॉकच्या रेकॉर्डसारखे गोल आणि सैल वाजतात. गाण्याच्या मागे राहून तो ठेका धरतो. 2021 मध्ये तो बाहेर पडला. पुढच्या वर्षी आला वाल्टेरी वायरुनेन, पॅराडाइज लॉस्टमध्ये वाजवून आलेला फिन्निश तरुण. नव्या अल्बमचा दाटपणा माझ्या मते निम्मा त्याच्या हातचा आहे. विषम मात्रांचे तुकडे तो मोजून दाखवल्यासारखे वाजवत नाही, वाहते ठेवतो. स्नेअर ड्रमवर बारीक बारीक भरणा चाललेला असतो, आणि दोन्ही पायांनी वाजणारा डबल बेस ड्रम आला तरी तो भिंत होत नाही. त्याला जोड मार्टिन मेंडेसच्या बास गिटारची. या जोडीसाठी अल्बम एकदा चांगल्या हेडफोनवर, गिटारकडे दुर्लक्ष करून ऐकावा.

गिटारिस्ट फ्रेड्रिक ओकेसनचे सोलो दोन्हीकडे देखणे आहेत. 2019 च्या अल्बममध्ये त्यांना ऐसपैस जागा मिळते. 2024 मध्ये ती बहुतेक शेवटच्या गाण्यासाठी राखून ठेवलेली आहे. योआकिम स्वालबर्गच्या कीबोर्डबद्दल एवढंच की ते काढून टाकले तर 2019 चा अल्बम कोसळेल, 2024 चा तगेल.

नव्याचे दोषही सांगायला हवेत, कारण कौतुकाच्या लाटेत ते बुडाले. एक, गाणं म्हणून लक्षात राहत नाही. आठवडाभर ऐकल्यावरही ‘ती मस्त जागा §3 मध्ये की §6 मध्ये?’ असा घोळ होतो, आणि क्रमांकांची नावं त्यात भरच घालतात. एखादं गाणं सुटं काढून प्लेलिस्टमध्ये टाकावं तर ते मधूनच उचललेल्या संवादासारखं वाटतं. दोन, कथेचा भार. शब्द कळले नाहीत तर बापाचा ग्रोल नुसता ग्रोल उरतो आणि निम्मी गंमत जाते. तीन, शेवटची विराणी सुंदर आहे, पण आधीच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांच्या घुसमटीनंतर ती जरा जास्तच गोड लागते. काहींना नेमका तोच उतारा वाटेल.

मग कोणी काय घ्यावं? तुम्ही 2011 मध्ये ‘हेरिटेज’ ऐकून रागावून निघून गेलेले असाल, तर नवा ऐका, पण आशा बेताची ठेवा. तुमचा ओपेथ दहा-दहा मिनिटं एकाच काळोखात फिरवायचा. ‘ब्लॅकवॉटर पार्क’चं शीर्षकगीत बारा मिनिटांचं आहे, नव्या अल्बममध्ये एकही गाणं दहा मिनिटांपर्यंत पोचत नाही, आणि एका काळोखात तर ते दोन मिनिटंही थांबत नाही. §1 आणि §5 ऐकून पाहा. तिथे दम लागला पण मजाही आली, तर अल्बम तुमचा. दम लागून चीड आली, तर पैसे वाचवा आणि त्यांचा जुना ‘घोस्ट रेव्हरीज’ पुन्हा लावा.

प्रोग रॉकच्या वाटेने येणाऱ्याने, ज्याला ग्रोल म्हटलं की आवाज कमी करावासा वाटतो, त्याने आधी 2019 चा घ्यावा. तो नुसता सोपा म्हणून नव्हे. त्यात सुरावटी आहेत, ज्या दुसऱ्या दिवशी तोंडात येतात. तो पचल्यावर नव्या अल्बममधला ग्रोल पात्र म्हणून ऐकता येईल, आणि पात्र म्हणून ऐकला की तो घाबरवत नाही. माझ्या ओळखीतल्या ग्रोलद्वेष्ट्यांनाही बापाचा आवाज चालला.

ज्याने ओपेथ अजिबात ऐकलेला नाही त्याच्यासाठी मला उत्तर द्यायला जड जातं. प्रामाणिकपणे, दोन्हीही पहिली पायरी नव्हेत. तरी यातूनच निवडायचं तर नवा, कारण तो लहान आहे, आणि या बँडच्या गळ्यात काय काय आहे ते त्यात तासाभराच्या आत कळतं. आवडला नाही तर नुकसान थोडं.

स्वतःपुरतं विचाराल तर मोठा अल्बम नवा आहे, पण मी जास्त वेळा लावतो तो जुना. नव्याला पूर्ण लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढं लक्ष रोज कोणाकडे असतं?

‘इन कौडा व्हेनेनम’ घ्यायचं ठरवलंत तर आणखी एक निवड उरते, कारण तो स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन रूपांत निघालाय. संगीत तेच, गायन वेगळं. ओकरफेल्टने तो मुळात स्वीडिशमध्ये बांधला आणि ते कानाला कळतं: ‘स्वेकेट्स प्रिन्स’मध्ये शब्द सुरावटीवर जसे बसतात, तसे त्याच गाण्याच्या इंग्रजी रूपात, म्हणजे ‘डिग्निटी’मध्ये, बसत नाहीत. भाषा येत नसली तरी बेधडक स्वीडिश घ्या.