हेराल्ड १९६५ : नऊ महिने चालवल्यावर, गंजकी गाडी घ्यावी का?

गाडी घेऊन दीड वर्ष झालं. त्यातले नऊ महिने ती रस्त्यावर आहे, काटा एकवीसशे किलोमीटर पुढे गेलाय. "अशी एक गाडी गावाकडं पडून आहे, घेऊ का?" असं विचारणारा कुणी ना कुणी भेटतोच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, मद्रासला बनलेली. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर आमच्या जालन्यातल्या कट्ट्यावर चहा थंड होईस्तोवर वाद होतो. मूळची विलायती ट्रायम्फ हेराल्ड १९५९ची, आकार इटलीचा डिझायनर मिकेलोत्तीनं दिलेला. तिच्याच चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, फेरफार करून १९६२ला दोन सीटची स्पिटफायर निघाली. म्हणजे ही स्पोर्ट्स कारची थोरली बहीण, एवढं मी मान्य करून घेतो. इंजिन ९४८ सीसी, साठ-पासष्टला खूश असते.

अंबडकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, लिंबाखाली ती बावीस वर्षं उभी होती. अंगावर गंज, शेजारी कडब्याची गंजी. मी टप, बॉनेट, दारं बघितली. गंज वरवरचा होता, आपल्याकडं हवा कोरडी. पंचावन्न हजार देऊन मोकळा झालो. पत्र्याचं काम करणारे आमचे डेंटरमामा परभणीकडचे. गाडी टेम्पोतून उतरल्यावर त्यांनी तोंड उघडलं, "वरून काय बघायलाव दादा? खाली जावा की."

चूक तिथंच होती. हवा कोरडी असली तरी काळी माती कोरडी नसते. पावसाळ्यात प्यालेलं पाणी ती दिवाळीपर्यंत धरून ठेवते, आणि चाकं रुतलेली गाडी पोटावर त्या ओलीत बसलेली असते. मामांनी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालच्या पट्टीवर फिरवलं. एक हातभर जागेत ते चिकटेचना, आत पत्रा नव्हताच, नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. मग जुना पेचकस घेऊन चासी ठोकत गेले. चांगलं लोखंड खणकन बोलतं, सडलेलं भद्द वाजतं. दोन ठिकाणी पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

हेराल्डमध्ये चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. चासीतून बाजूला हात निघतात, बॉडी त्यांच्यावर बसते. त्यामुळं दाराखालची पट्टी सडली तर ते दिसायला वाईट, पण गाडी वाकत नाही. सडलेले हात मात्र जीव घेतात. स्पिटफायरचं उलटं: तिला हे बाजूचे हातच नाहीत, गाडीचं बळ दाराखालच्या पेटीतच असतं. ती पेटी गेली असेल तर हात जोडून परत यावं. म्हणून 'गंज किती आहे' हा प्रश्न मला आता फोल वाटतो. कुठं आहे ते विचारा. माझ्या गाडीचे डावीकडचे दोन हात गेले होते, मुख्य कणा शाबूत होता. नसता, तर ही आठशे किलोंची गाडी जालन्याच्याच एखाद्या भट्टीत वितळून सळई झाली असती.

दुसरी नशिबाची गोष्ट, हिची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडलेली आहे. अख्खी बॉडी एकत्र काढून देणारा कारखाना कंपनीला मिळाला नव्हता, त्या अडचणीचा फायदा साठ वर्षांनी मला झाला. बॉनेट मडगार्डसकट पुढं उलटतं, इंजिनशेजारी टायरवर बसून काम करता येतं.

खर्च लपवत नाही. मी दीड लाख धरले होते, गाडीच्या किमतीसकट तीन लाख वीस हजार लागले. सगळ्यात चांगली मागणी आली ती अडीच लाखांची. धंदा म्हणून करणार असाल तर इथंच वाचणं थांबवा.

चालवताना खरा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. स्टिअरिंग जड झालं. पुढच्या चाकांच्या खाली ट्रनियन नावाचा भाग असतो, त्यात ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. एका गॅरेजनं इमानेइतबारे ग्रीस कोंबलं होतं. उघडलं तर आटे कोरडे आणि गंजके. तसंच चालवलं असतं तर एक दिवस चाक आडवं पडलं असतं. आता दर दीड हजार किलोमीटरला मी स्वतः तेल भरतो, कुणावर सोडत नाही.

मे महिन्यात बदनापूरच्या अलीकडं भर दुपारी बंद पडली. पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरली होती. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं सावलीला बसलो, मग निघाली. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या. अ‍ॅव्हरेज अकरा-बारा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला की कर्रर्र, हे साडूला अजून पटत नाही.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१च्या नियमानं विंटेज गाड्यांचा 'व्हीए' नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण मग रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. मला भाजी आणायलाही न्यायची आहे, म्हणून मी साधी नोंदणीच नूतनीकरण करून घेतली. आरसीवर मूळ मालकाचे वारस किती, हे मात्र पत्रा बघायच्या आधी विचारा. माझ्याकडं तीन भाऊ निघाले, त्यातला एक नांदेडला. सहीसाठी दोन खेपा झाल्या.

सीटकव्हर, रंग यावर लिहीत नाही, ते कुणीही करतं. फक्त रंग सगळ्यात शेवटी. मी आधी दिला, मग वेल्डिंगनं उजवा मडगार्ड भाजला.

सध्या डिकीत पाणी येतं. जोडांमधलं रबर मृगाच्या आत बदलायचंय. जुन्या जालन्याच्या बोळात मात्र ती पंचवीस फुटांत वळते, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचं विसरतो.