हळद-मेथीची तयार पावडर: घोड्याला एकवेळ चालेल, कुत्र्याला नको

डबा संपत आलाय आणि पुन्हा घेणार नाही. राग आहे तो चमच्यावर. 'घोडा व कुत्रा, दोघांसाठी' असं छापलेल्या या डब्यात प्लॅस्टिकचा एकच चमचा येतो. घोड्याला चार चमचे, कुत्र्याला एक. चमचा किती ग्रॅमचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. घरच्या काट्यावर सपाट चमचा ५ ग्रॅम भरतो, शिगोशीग भरला की ८ च्या पुढे जातो. आता हिशोब करा. ३०० किलोच्या घोड्याला २० ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.०७ ग्रॅमसुद्धा नाही. २० किलोच्या कारवान जातीच्या कुत्र्याला ५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.२५ ग्रॅम. छोट्या जनावराला जवळजवळ चौपट!

त्यात घटकांच्या यादीत हळद, मेथी, ओवा, मिरी यांच्या शेपटाला लसूण आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रा धावायला नको म्हणतो. घोडासुद्धा यातून सुटत नाही, रोज किलोमागे ०.२ ग्रॅमच्या वर सुका लसूण गेला तर त्यालाही रक्तक्षय होतो. लसूण नेमका किती, हे विचारायला डब्यावरच्या नंबरवर फोन केला, तर उत्तर आलं, "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही." प्रश्न ग्रॅमचा होता. त्या दिवसापासून कुत्र्याचं बंद.

घोड्याच्या बाबतीत मात्र मत बदललं. सुरुवातीला सगळा गुण हळदीचा असेल असं वाटायचं. थंडीतल्या सकाळच्या आखडण्यात हळदीने काही फरक दिसला नाही. फरक पडला तो चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, खाण्यात, आणि तो मेथीचा. नुसती मेथी दिली तरी तसाच पडतो. मेथीचा वास घोड्यांना आवडतो, उन्हाळ्यात तोंड फिरवणारा घोडाही चंदी संपवतो. मग डब्याचे पैसे कशाला? मेथीदाणे भरडायचे, ५ ग्रॅमपासून सुरू करून आठवड्याभरात १५-२० ग्रॅमवर न्यायचे, ओलवलेल्या कोंड्यात कालवायचे. कोरडी पूड फुंकरीने उडते आणि नाकात जाते. घोडा पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद बंद आहे, तर ओवा-हिंग करत बसू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ जिवावर बेततो. थेट डॉक्टर.

कुत्र्यासाठी हळदीची पेस्ट घरीच करा. सांगलीत राहून डब्यातली अनोळखी हळद घ्यायची काही गरज नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि मार्केट यार्डाच्या आसपास राजापुरी हळकुंड अख्खं मिळतं. मोडून बघा, आतून गडद केशरी हवं. कांडपावर नेताना आधी कोणाची तरी हळदच झालेली असू द्या. मिरचीनंतर नंबर लागला तर तिखटाचा अंश उतरतो आणि कुत्र्याचं पोट बिघडतं.

६० ग्रॅम हळद २५० मिली पाण्यात मंद आचेवर ७-१० मिनिटं ढवळत राहा. बूड लागलं की कडू होते. घट्ट झाल्यावर उतरवून ७० मिली खाण्याचं खोबरेल घाला. आधी घातलं तर तेल वेगळं तरंगतं. कोमट झाल्यावर दीड चहाचा चमचा ताजी मिरपूड घाला. हळदीतलं कर्क्युमिन एकटं अंगी लागत नाही, त्याला तेल आणि मिरी दोन्ही लागतात. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकते. २० किलोच्या कुत्र्याला जेवणात पाव चहाचा चमचा, एकवेळ. आठवड्याने दोन्ही वेळा. शी पातळ झाली की निम्मं करा. तोंड पुसून घ्या, नाहीतर गादीवरचा डाग निघत नाही.

मिरी यकृतातून जाणाऱ्या दुसऱ्या औषधांचाही असर वाढवू शकते. दुखण्याच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेस्ट देऊ नका. हळदीने रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद करा. कारवानच्या अंगावर चरबी कमी, भुलीची काही औषधं त्याला जड जातात. डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, हळदसुद्धा.

कंपनीने लसूण काढला आणि डब्यावर ग्रॅम छापले, तर घोड्यासाठी पुन्हा बघेन. कुत्र्याचं चित्र मात्र डब्यावरून जायलाच हवं.